बाळंतिणीचा ताप आणि आपल्या डॉ. जेरुशा झिराड

रॉटरडॅमला आमच्या घरी नातू झाला. इथे प्रसूतीनंतर आठ-एक दिवस एक शिकलेली बाई रोज घरी येते. या सोयीला क्रामझोर्ग म्हणतात. ती बाळाला न्हाऊ घालायला शिकवते आणि बाळंतिणीचा ताप न चुकता मोजते. सुईणींची सरकारी शाळा या शहरात १८८२ सालीच निघाली होती.

तो थर्मामीटर पाहून आम्हाला लहानपणी ऐकलेले शब्द आठवले, ‘ती बाळंतपणात गेली.’ पुढे कोणी विचारत नसे. कोणी नजर लागली म्हणे, कोणी वारा लागला म्हणे.

खरे कारण बहुधा जंतू असत. हात धुतल्याने हे मृत्यू टळतात, हे व्हिएन्नाच्या डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ साली दाखवले. पण पुष्कळ डॉक्टरांनी ते मानले नाही. कधी हा दोष गर्भाशयातून ओटीपोटातील शिरांत शिरतो. तिथे रक्त गोठून गाठी होतात आणि त्यांत जंतू वाढतात. गाठीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेतते. १९०२ च्या सुमारास जर्मनीचे डॉ. ट्रेन्डेलेनबुर्ग अशा शिरा शस्त्रक्रियेने बांधत. १९३६ साली लंडनमध्ये डॉ. कोलब्रूक यांनी सल्फा जातीच्या औषधाने बाळंतज्वराचे रोगी बरे केले. पुढे पेनिसिलिन आले.

या लढाईत आपल्या समाजाची लेकही होती. डॉ. जेरुशा झिराड १९१९ साली लंडनच्या एम.डी. झाल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या त्या १९४७ पर्यंत प्रमुख होत्या. मुंबई शहरात बाळंतिणी कशाने दगावतात याचा तपास करून त्यांनी १९४१ साली अहवाल दिला. जिथे लोक ‘नशीब’ म्हणून गप्प बसत, तिथे बाईंनी कारण विचारले. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

शिरांतील गाठींचा हा आजार आज दुर्मिळ आहे, पण संपलेला नाही. पोट कापून झालेल्या प्रसूतीनंतर तो जास्त आढळतो. त्याची खूण अशी, की प्रतिजैविके चालू असूनही ताप उतरत नाही, आणि बाई कधी कधी फारशी आजारी दिसतही नाही. मग स्कॅन करतात आणि प्रतिजैविकांच्या जोडीला रक्त पातळ ठेवणारे औषध देतात.

म्हणून आम्हा म्हाताऱ्यांचे एवढेच सांगणे. बेरीत मिलाच्या गडबडीत सगळे बाळाकडे पाहतात. त्या दिवशी त्याच्या आईच्या कपाळालाही हात लावून पाहा. ताप असेल तर काढा देत बसू नका, डॉक्टरांना बोलवा.