शिलालेखापासून सातबाऱ्यापर्यंत: जुन्नर-आंबेगावच्या जमिनीच्या नोंदी

जमिनीची लेखी नोंद जुन्नर परिसरात लेण्यांपासून सापडते. तिथल्या एका ब्राह्मी लेखात अडुथुम या शक उपासकाने वडालिका येथील २० निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे माप) करंजाच्या झाडांसाठी आणि कटपुतक येथील ९ निवर्तने वडांसाठी एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाकडे, सोपवल्याचे कोरले आहे. गाव, क्षेत्र, देणारा, हेतू हे सगळे त्यात आहे. फेरफाराला, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीला, मात्र दगडात जागा नाही.

मराठेशाहीत हिशेब बिघ्यांत आणि चाहुरांत (१२० बिघ्यांचा एक चाहूर) होई, आणि तो कुलकर्ण्याच्या दप्तरात मोडीत लिहिलेला असे. इंग्रजी अमलात १८२७-२८च्या सुमारास प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात मोजणी सुरू केली. निव्वळ उत्पन्नावर बसवलेला त्याचा शेतसारा रयतेला पेलला नाही, म्हणून १८३५-३६ मध्ये इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मोजणीला नव्याने आरंभ केला. ३३ फुटी साखळी लांब आणि तेवढीच रुंद जमीन म्हणजे गुंठा. १६ आण्यांचा गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर आणि हद्दीचे दगड मिळाले. सरकारला सारा कोणाकडून घ्यायचा एवढे कळले की पुरे होते, त्यामुळे भावकीतले हिस्सेदार एका खातेदाराच्या नावाआड राहिले. ही उणीव १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याने भरून काढली. पुढे हक्काचा नमुना ७ आणि पिकांचा नमुना १२ एका कागदावर आले, तोच सातबारा.

सर्वांत गुंतागुंतीचा बदल १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याने घडला. एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजही जुन्या खरेदीखतातली जमीन शोधायची तर जुन्या-नव्या नंबरांची सांगड घालणारा एकत्रीकरणाचा उतारा काढावा लागतो. त्यातच मोजमापाची दशमान पद्धत आली आणि गुंठ्याच्या जागी आर आला. एक गुंठा म्हणजे सुमारे १.०१ आर, म्हणून बोलताना दोन्ही एकच धरले जातात. पण ४० गुंठ्यांचे ४०.४७ आर होतात आणि पाच भावांत वाटणी करताना हा अपूर्णांक कोणाच्या तरी नावावर टाकावाच लागतो. याच काळात कुकडी प्रकल्पाची धरणे झाली. ज्या गावाच्या नावाने आंबेगाव तालुका ओळखला जातो, ते यांतल्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे.

संगणकीकरणात हस्तलिखित सातबारा टंकित झाला. कागद जे चालवून घेत असे ते संगणकाने नाकारले: खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळत नसे, फेरफार क्रमांक रिकामा असे, एकच माणूस दोन स्पेलिंगांनी दोन खातेदार होई. यांतल्या बऱ्याच चुका टंकलेखकाच्या नव्हत्या. त्या बांधीव पुस्तकात वर्षानुवर्षे पडून होत्या. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन करून गावकऱ्यांपुढे नोंदी वाचण्यात आल्या आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. हस्तलिखितातून संगणकात येताना झालेली लेखनचूक महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशाने दुरुस्त होते, आणि त्यासाठी पुरावा म्हणून जुना हस्तलिखित उताराच पुढे ठेवावा लागतो.