दाढीवाल्या सरड्याच्या पेटीत ऊन आणि सावली

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व व मध्य भागातील कोरड्या, झुडपी प्रदेशात आढळणारा 'बिअर्डेड ड्रॅगन' हा वस्तुतः एक सरडा होय. त्याचे शास्त्रीय नाव 'पोगोना व्हिटिसेप्स'. चिडला किंवा घाबरला की तो गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो. त्यावरूनच त्याला हे नाव पडले. ऑस्ट्रेलियाने आपल्या वन्यप्राण्यांच्या व्यापारी निर्यातीवर अनेक दशकांपासून बंदी घातली आहे. तरीही युरोप-अमेरिकेत बंदिस्त अवस्थेत पैदास झालेले हे सरडे घरोघरी पाळले जातात. स्वभावाने शांत असलेल्या या प्राण्याच्या अनेक दुखण्यांचे मूळ मात्र पेटीतील चुकीच्या तापमानात सापडते.

ऊब बाहेरून

सस्तन प्राण्यांप्रमाणे सरड्याचे शरीर स्वतःची पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाही. सकाळी तो खडकावर वा कुंपणाच्या खांबावर चढतो आणि अंग गडद करून ऊन शोषतो. दुपारी ऊन असह्य झाले की सावली किंवा बीळ गाठतो. अशी ये-जा करून तो शरीराचे तापमान सुमारे ३५ अंश सेल्सियसच्या आसपास राखतो. काचेच्या पेटीत मात्र ही निवड पाळणाऱ्याने उपलब्ध करून द्यावी लागते.

एका पेटीत दोन हवामाने

पूर्ण वाढलेल्या सरड्यासाठी साधारण १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद व उंच पेटी लागते. तिच्या एका टोकाला सपाट दगड ठेवून त्यावर हॅलोजनचा दिवा लावावा. दगडाच्या पृष्ठभागाचे तापमान ३८ ते ४२ अंश असावे. दुसरे टोक २२ ते २६ अंशांवर राहावे व तेथे लपण्याची जागा असावी. संपूर्ण पेटी सारखीच तापवणे धोक्याचे असते. उष्णता वाढल्यास प्राण्याला पळायला जागाच उरत नाही. लहान पेटीत हा फरक साधणे कठीण जाते.

दिवसा १२ ते १४ तास प्रकाश द्यावा व रात्री सर्व दिवे बंद ठेवावेत. रात्री २० अंशांच्या आसपासचे तापमान त्याला मानवते. खोली १८ अंशांखाली जात असल्यास प्रकाश न देणारा सिरॅमिकचा तापक थर्मोस्टॅटला जोडून वापरावा.

मोजमाप महत्त्वाचे

काचेवर चिकटवायच्या तबकडीच्या तापमापकावर विसंबू नये. दोन्ही टोकांना डिजिटल तापमापक ठेवावेत आणि दगडाचे तापमान इन्फ्रारेड यंत्राने मोजावे. दिव्याला जाळी असावी. विजेवर तापणारे कृत्रिम दगड टाळावेत. त्यांच्यामुळे सरड्याचे पोट भाजते.

उष्णतेच्या जोडीला अतिनील 'बी' किरणांचा स्वतंत्र दिवा आवश्यक असतो. या किरणांमुळे त्वचेत 'ड३' जीवनसत्त्व तयार होते. ते न मिळाल्यास कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडे मऊ पडतात व वाकतात. खिडकीच्या काचेतून हे किरण आत येत नाहीत. दिवा पेटत असला तरी त्यातील किरण काळानुसार क्षीण होतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत तो बदलावा.

लक्षणे ओळखा

दिव्याखाली बसून थोडा वेळ तोंड उघडे ठेवणे हा अंग थंड करण्याचा नैसर्गिक प्रकार आहे. मात्र थंड टोकालाही तो धापा टाकत असेल, तर पेटी प्रमाणाबाहेर तापली आहे किंवा श्वसनमार्गाला संसर्ग झाला आहे, अशी शंका घ्यावी. उलट, सतत गडद रंग, मरगळ व भूक मंदावणे ही थंडी बाधल्याची लक्षणे असू शकतात. ऊब नसेल तर पचन थांबते आणि खाल्लेले अन्न पोटात कुजू लागते. म्हणून वीज गेल्यास तापमान पूर्ववत होईपर्यंत खाणे देऊ नये. हिवाळ्यात प्रौढ सरडे काही आठवडे सुस्तावतात. पण वजन घटत असेल तर पशुवैद्यकाला दाखवावे.

तापमानाचा प्रभाव या सरड्यावर अंड्यात असल्यापासून असतो. ३२ अंशांहून अधिक उष्णतेत उबवलेल्या अंड्यांतून, गुणसूत्रांनी नर असलेली काही पिल्ले मादी म्हणून जन्मतात, हे ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवून दिले. २०१५ मध्ये निसर्गातही अशा माद्या आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

सरडा घरी आणण्यापूर्वी पेटी किमान आठवडाभर चालवून पाहावी. दोन्ही टोकांचे आकडे दिवसरात्र स्थिर राहिले, तरच त्याला आणणे योग्य ठरते.