टिमकीवाद्यांना उत्तर

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या मराठी लेखकाला हल्ली चहूकडून एकच सल्ला मिळतो: लाजू नका, आपली टिमकी आपणच वाजवा. मुखपृष्ठाचे अनावरण करा, प्रकाशनाला हॉल घ्या, मान्यवरांच्या हाती प्रत देऊन फोटो काढा, पुरस्कारांच्या प्रवेशिका भरा, व्हॉट्सअ‍ॅपच्या एकाही गटाला सोडू नका. लिहिणे हे निम्मेच काम, उरलेले निम्मे म्हणजे स्वतःला खपवणे. याला मी टिमकीवाद म्हणतो. तो मला पटत नाही. पण पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही.

हजाराची आवृत्ती पाचशेवर आली, पाचशेची तीनशेवर. रविवारच्या पुरवण्यांतली परीक्षणांची जागा आक्रसली. तालुक्याच्या गावी पुस्तकांचे दुकान म्हणजे गाइडे आणि वह्या. मग ज्याच्यामागे प्रकाशनसंस्था नाही, विद्यापीठ नाही, साहित्य संमेलनात ओळख नाही, त्याने स्वतः बोलायचे नाही तर कोणी? संकोच धरा असा उपदेश करणाऱ्यांसाठी बहुधा दुसरे कोणीतरी आधीच बोलून ठेवलेले असते. टिमकीवाद्यांचा हा टोला खरा आहे आणि तो वर्मी बसतो.

त्यांचा आदिपुरुष म्हणजे वॉल्ट व्हिटमन. 1855 साली या अमेरिकन कवीने ‘लीव्हज ऑफ ग्रास’ ब्रुकलिनच्या एका छापखान्यात स्वखर्चाने छापले. प्रती 795. काही पानांचे खिळे त्याने स्वतः जुळवले. मग निनावी परीक्षणे लिहून स्वतःच्याच पुस्तकाची वाखाणणी केली, एकदा नव्हे, तीनदा. ख्यातनाम विचारवंत एमर्सनने खासगी पत्रातून केलेले कौतुक त्याला न विचारता वर्तमानपत्रात छापू दिले, आणि पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत त्या पत्रातले एक वाक्य थेट पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत उमटवले. यापुढे आजच्या समाजमाध्यमांवरचा आत्मगौरव अगदीच बाळबोध वाटतो.

पण पुढे काय झाले, हे सांगायला टिमकीवादी विसरतात. पहिली आवृत्ती फारशी खपली नाही. सोनेरी कण्याची दुसरीही पडून राहिली. इंग्लंडमध्ये त्याला वाचक मिळाले ते 1868 साली विल्यम मायकेल रोझेटीने लंडनमध्ये त्याच्या निवडक कवितांचा संग्रह काढला तेव्हा. 1882 मध्ये बोस्टनच्या सरकारी वकिलाने पुस्तक अश्लील ठरवले, प्रकाशकाने हात झटकले आणि फिलाडेल्फियात निघालेली आवृत्ती हातोहात गेली. एकदा चाहत्याने आणि एकदा शत्रूने जे केले, ते त्याच्या तीन निनावी परीक्षणांना साधले नव्हते. एमर्सनचे पत्रसुद्धा आले ते व्हिटमनने त्याला पुस्तक वाचायला धाडले म्हणून. हे पुस्तक धाडणे कामाला आले. कण्यावरचे सोने नाही.

टिमकीवादाच्या विरोधात सहसा दुसरा एक पक्ष उभा राहतो: सोने कुठेही पडले तरी चमकतेच, अस्सल लेखनाला वाचक आपोआप मिळतो. हा पक्ष फार वेळ खाण्याच्या लायकीचा नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी टिपून ठेवल्या, अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखले, तेव्हा त्यांच्या मृत्यूनंतर 1952 साली त्या पुस्तकरूपाने आल्या. टिपणारा हात नसता तर ते सोने मातीतच राहिले असते. आणि असे किती राहिले असेल, याचा हिशेब कोण देणार?

वरवर विरोधी दिसणारे हे दोन पक्ष एकच गोष्ट गृहीत धरतात: लेखक या टोकाला, वाचक त्या टोकाला, मध्ये कोणी नाही. म्हणून एक म्हणतो ओरडा, दुसरा म्हणतो गप्प बसा. माझे म्हणणे असे की, स्वतंत्र लेखकाला वाचक मिळाला तो या मधल्या माणसांमुळे. आणि ही माणसे पुस्तकाची वाखाणणी ऐकून जमत नाहीत, पुस्तकात त्यांचा काही वाटा असला तर जमतात. तो वाटा ऐकण्याचा असेल, आगाऊ पैशाचा असेल किंवा श्रमाचा.

जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ पाहा. 1883 मध्ये लिहून झालेले हे पुस्तक त्यांच्या हयातीत संपूर्ण छापून निघाले नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’त पहिले दोन भाग आले आणि पुढचे थांबले. म्हणजे आपल्याच चळवळीच्या पत्राने हात आखडता घेतला. तरी पुस्तक लोकांपर्यंत गेले, कारण फुले त्यातले भाग ठिकठिकाणी वाचून दाखवत होते: पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी ते ऐकले. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, तेव्हा छापून त्यांच्यापर्यंत पोचणारही नव्हते. शेतसारा, सावकारी, पाटबंधारे, भट-कामगारांची कचेरी, हे सगळे ज्यांच्या अंगावरून गेले होते तेच श्रोते. अशा श्रोत्याला लेखकाची ओळख करून द्यावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच शेजारच्या गावी सांगतो.

यावर टिमकीवादी लगेच म्हणेल, वाचून दाखवत हिंडणे ही जाहिरातच नव्हे काय? नव्हे. जाहिरात पुस्तकाविषयी बोलते. फुल्यांनी लोकांपुढे मजकूरच ठेवला, आवडो न आवडो. लेखकाने गावोगाव हिंडू नये, असे मी म्हणतच नाही. काय घेऊन हिंडावे, एवढाच वाद आहे.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरही हिंडले. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे 23 खंड कोणत्याही प्रकाशकाच्या आवाक्यातले नव्हते, म्हणून त्यांनी नागपूरला चक्क लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, एजंट नेमले, वर्गणीदार मिळवले. ज्याने भाग घेतला किंवा आगाऊ वर्गणी भरली, तो गिऱ्हाईक राहिला नाही. खंड वेळेवर निघाला नाही तर विचारणा करायला हक्काने येणारा माणूस झाला. असा त्रास देणारा वाचक लाभणे हे लेखकाचे भाग्य. (एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांत वर्गणीदारांच्या याद्या छापलेल्या आढळतात. आपण त्या चाळत नाही, चाळाव्यात.)

तिसरा दाखला अरुण कोलटकरांचा. हा माणूस पोटापाण्यासाठी जाहिरातीच्या धंद्यात होता, तोही नावाजलेला कलादिग्दर्शक. टिमकी कशी वाजवतात हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरी त्याचे इंग्रजी ‘जेजुरी’ 1976 साली निघाले ते ‘क्लिअरिंग हाउस’कडून. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि स्वतः कोलटकर अशा कवींनी मिळून मुंबईत चालवलेली ही सहकारी खटपट. मुखपृष्ठे कोलटकरांची, विक्री आगाऊ मागणी नोंदवून. पुढच्या वर्षी ‘जेजुरी’ला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. त्याच 1977 मध्ये मराठीत ‘अरुण कोलटकरच्या कविता’ आल्या त्या अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’कडून. जाहिरातीची सगळी विद्या हाताशी असून कोलटकरांनी ती स्वतःवर खर्चली नाही. पुस्तकाच्या देखणेपणावर मात्र हात राखला नाही.

हे सारे जुने झाले, आता जग पडद्यावर आले, असा आक्षेप उरतो. मग अमेरिकन लेखक अँडी वियरचे ‘द मार्शियन’ घ्या. त्याने कादंबरी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणवार फुकट दिली. वाचकांनी त्यातल्या रसायनशास्त्राच्या चुका दाखवल्या, त्याने त्या सुधारल्या. किंडलवर ठेव, हा आग्रहही वाचकांचाच. त्याने ती परवानगी होती त्या किमान किमतीला, 99 सेंटला ठेवली. मोठा प्रकाशक आणि 2015 चा चित्रपट त्यानंतरचे. ज्याने चूक काढली आणि ती सुधारलेली पाहिली, तो माणूस ते पुस्तक दहा जणांना सांगणारच.

माझ्या पक्षाचे एक दुखणे मात्र झाकता येत नाही. मधली माणसे म्हटली की कंपू आलाच. आपल्याकडच्या लघुअनियतकालिकांच्या चळवळीने मोठे लेखक दिले, पण एकमेकांचेच वाचायचे आणि एकमेकांवरच लिहायचे हा रोगही तिथे होताच. वर्तुळ दार लावूनही घेते. ‘असूडा’पुढे ‘दीनबंधू’चे दार लागलेच होते. म्हणून एका वर्तुळावर विसंबणे घातक. फुल्यांपाशी ओतूर होते, हडपसर होते, बडोदे होते. आजच्या लेखकाला महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे आहे, 1967 च्या कायद्याने आधार मिळालेले. त्यातल्या कित्येकांत एखादा ग्रंथपाल असा असतो की त्याने हातात ठेवलेले पुस्तक गाव वाचते. प्रकाशन समारंभाच्या हॉलचे भाडे, बुके आणि शाली यांच्या खर्चात अशा पन्नास ग्रंथपालांना प्रत्येकी एक प्रत सहज जाईल, सोबत दोन ओळींचे पत्र: वाचा, आणि खटकले ते कळवा.