मुंबईच्या वाटेवरचे बाळकुम

ठाण्याच्या ईशान्य टोकाशी उल्हास नदी दुभंगते. मोठा प्रवाह घोडबंदराला वळसा घालून वसईच्या खाडीकडे जातो, लहान फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत उतरतो. या दुभंगाशेजारी, साष्टी बेटाच्या काठावर, बाळकुम वसले आहे. समोर कशेळी. मध्ये फक्त पाणी, आणि ते ओलांडू पाहणाऱ्यांनीच बाळकुमचा बराचसा इतिहास घडवला.

साष्टी मराठ्यांनी 1737 मध्ये पोर्तुगिजांकडून घेतली. डिसेंबर 1774 मध्ये ठाण्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीवचा बांध झाला, मुंबई साष्टीला जोडली गेली आणि ठाण्यापर्यंत कोरड्या पायांनी येता येऊ लागले. त्यापुढची मुंबई-आग्रा वाट कापूरबावडी, बाळकुम, कशेळी, काल्हेर अशी भिवंडीकडे जाई. महामार्ग नंतर माजिवड्यावरून खारेगावकडे वळला. जुना आग्रा रोड मात्र भिवंडीच्या गोदामांकडे जाणाऱ्या गाड्यांचा भार आजही वाहतो.

माणसांपाठोपाठ पाणीही याच वाटेने आले. 1892 मध्ये तानसा धरण पूर्ण झाले आणि शहापूरच्या जंगलातले पाणी नळांतून मुंबईकडे निघाले. कशेळीजवळ खाडी ओलांडणारे ते प्रचंड नळ ही या परिसराची खरी खूण. किल्ले-देवळांच्या यादीत ती सापडत नाही. पण मुंबईची तहान भागवणारी ही वाट स्मारकाइतकीच मोलाची आहे.

गाव स्वतः आगरी-कोळ्यांचे. खारे पाणी बांधाने अडवून खाजणात भात पिकवायचा, भरती-ओहोटी बघून खाडीत जाळे टाकायचे, चिखलातून निवट्या आणि चिंबोऱ्या काढायच्या, या कष्टांवर घरे चालत. नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ वाहिला जातो. पाडा नंबर एक, दोन, तीन असे पत्ते अजूनही सांगितले जातात. टोलेजंग इमारतींच्या नावांपेक्षा गावाची जुनी मांडणी त्यांतूनच नीट कळते.

स्वातंत्र्यानंतर कोलशेत रस्त्यावर रासायनिक कारखाने उभे राहिले. त्यांतली सँडोझ कंपनी इतकी मोठी, की टपाल कार्यालयालाच सँडोझ बाग हे नाव मिळाले. 1 ऑक्टोबर 1982 रोजी ठाणे महानगरपालिका झाली आणि बाळकुम शहरात आले. मग कारखाने गेले, त्यांच्या जागी गृहसंकुले आली. जून 2020 मध्ये करोनाच्या साथीत हजारावर खाटांचे तात्पुरते रुग्णालय इथेच उघडले, आणि जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यात बाळकुमचे नाव पोहोचले.

आता ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे बाळकुम नाका स्थानक उभे राहत आहे, शिवाय बाळकुम ते गायमुख असा खाडीकिनारी रस्ता आखला आहे. दोन्हींची गरज खरी आहे. पण प्रत्येक नवी वाट बाळकुमवरून पुढे जाते, आणि खाडीचा काठ मात्र गावासाठी अरुंद होत जातो. रस्त्याच्या नकाशात तिवरांइतकीच जागा कोळ्यांच्या होड्या लावायच्या धक्क्यालाही हवी. ती कागदावर आत्ताच आखून घ्यावी. भराव पडल्यावर मागून मिळणार नाही.