‘अनाथ’ या शब्दाआड

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात आज कापडाची मोठी बाजारपेठ आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथे वसले, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्यांच्या आधी, १९४३ ते १९४८ या काळात, याच जागी वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक स्त्रिया आणि मुले. २०१९ मधल्या स्मारक-समारंभानंतर मराठीत या छावणीवर बरेच लिहून आले. त्यात ‘अनाथ पोलिश मुले’ हा शब्दप्रयोग इतका सवयीचा झाला आहे, की त्यापाशी कोणी थांबत नाही. विद्यापीठाबाहेर राहून, जमेल तसा हा विषय वाचताना मी मात्र त्या शब्दापाशीच अडलो.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या दरम्यान चार लाटांत तिथली कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडच्या जंगलांत धाडली गेली. अनेक घरांतला बाप त्याआधीच तुरुंगात पडला होता. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला आणि स्टालिनला पोलिश सैनिकांची गरज लागली. मग या लोकांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा कोणता, हे विचारायची सोय नव्हती! जनरल अँडर्स यांचे सैन्य उझबेकिस्तानच्या बाजूला जमत होते, म्हणून माणसे दक्षिणेकडे निघाली. वाटेत भूक आणि टायफस.

इथे तो शब्द जन्माला येतो. पोलिश लोकांनी तिथे अनाथालये उघडली होती. तिथे मुलाला भाकरी मिळे, आणि देशाबाहेर नेण्याच्या यादीत त्याचे नाव लागण्याची आशा असे. तेव्हा जिवंत आयांनी आपली मुले त्या दारात नेऊन सोडली. आई नाही असे सांग, असेही काहींनी पढवले. म्हणजे कागदावर अनाथ ठरलेल्या मुलांपैकी कित्येकांना आई होती. तिनेच त्यांना अनाथ केले, जगावीत म्हणून. हे लक्षात न घेता आपण ‘बिचारी पोरकी मुले’ म्हणतो, तेव्हा त्या बाईला इतिहासातून पुसून टाकतो.

१९४२ मध्ये अश्गाबादहून मशहद, झाहेदान, क्वेट्टा अशा मार्गाने मुलांच्या तुकड्या हिंदुस्थानात आल्या. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला त्यांची छावणी उभारली. अशक्त मुलांना पाचगणीची हवा मिळाली. वळिवड्याला मात्र मुख्यतः कुटुंबेच होती, तीही अर्धी. बाप किंवा थोरला भाऊ अँडर्सच्या सैन्यात, इटलीत. (छावणीचा खर्च लंडनमधले पोलिश निर्वासित सरकार करत होते. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक घेतलेले तान्हे बालराजे होते. तेव्हा ‘महाराजांनी पोसले’ ही लोकप्रिय कथा जरा बेतानेच घ्यावी.)

युद्ध संपले आणि शब्द उलटला. याल्टा करारानंतर या मुलांची गावे सोव्हिएत संघात गेली होती. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने वॉर्साच्या नव्या सरकारला मान्यता दिली, आणि पोलिश अनाथ परत पाठवावेत अशी त्या सरकारची मागणी आली. अनाथाला पालक नसेल तर राज्य पालक, हा युक्तिवाद कायद्याने मजबूत होता. ज्या शब्दाने मुलाला रशियाबाहेर काढले, तोच आता त्याला मागे ओढू लागला. त्यावर बालाचडीत जामसाहेब, छावणीचे धर्मगुरू आणि एक ब्रिटिश अधिकारी यांनी मुले रीतसर दत्तक घेतली. माझ्या मते हा दत्तकविधान औदार्याइतकाच चतुर कायदेशीर डाव होता, आणि त्याने त्याची थोरवी कमी होत नाही.

१९४६ मध्ये बालाचडी बंद झाली, उरलेली मुले वळिवड्याला आली. पुढच्या दोन वर्षांत वळिवडेही रिकामे झाले. ज्यांचे वडील अँडर्सच्या सैन्यातून जगून निघाले होते, त्यांना ब्रिटनला जाता आले. त्यांतल्या अनेकांनी वडिलांना शेवटचे पाहिले होते ते १९३९ मध्ये.