प्रोसेस मायनिंग म्हणजे काय? कागदावरची प्रक्रिया आणि खरी प्रक्रिया

प्रत्येक ऑफिसात कामाचा एक फ्लोचार्ट असतो, आणि काम प्रत्यक्षात होतं ते बऱ्याचदा वेगळ्याच वाटेनं. ही दोन चित्रं शेजारी ठेवून तपासतं ते प्रोसेस मायनिंग. कॉम्प्युटर सायन्स, डेटा सायन्स आणि व्यवस्थापन या तिन्हींच्या सीमेवर ते उभं आहे.

त्याचा कच्चा माल म्हणजे इव्हेंट लॉग. समजा, बँकेत कर्जाचे अर्ज येतात. प्रत्येक नोंदीत किमान तीन गोष्टी हव्यात: अर्ज क्रमांक, कोणतं काम झालं आणि कधी झालं. एका अर्जाच्या नोंदी वेळेनुसार लावल्या की त्याचा प्रवास दिसतो. असे हजारो प्रवास एकत्र केले की अल्गोरिदम नकाशा काढतो. मग कळतं, की काही अर्ज तपासणीवरून चार-चार वेळा मागे फिरलेत, आणि काहींना तर मंजुरी आधी, तपासणी नंतर!

समांतर चालणारी कामं गणितात मांडायची पद्धत कार्ल ॲडम पेट्री यांनी १९६२ च्या प्रबंधात पाया घातलेल्या 'पेट्री नेट'मधून मिळाली. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला विल व्हान डर आल्स्ट आणि सहकाऱ्यांनी लॉगमधून थेट पेट्री नेट काढणारा अल्फा अल्गोरिदम बनवला. त्यावरचा त्यांचा गाजलेला पेपर २००४ चा. युक्ती साधी आहे. 'क'च्या लगेच नंतर 'ख' येतं, पण उलट कधीच होत नाही, तर 'ख' हे 'क'वर अवलंबून. दोन्ही क्रम दिसले, तर कामं समांतर. पण लॉगमध्ये एखादी चुकीची नोंद आली तरी हा अल्गोरिदम गडबडतो. माझ्या मते शिकायला तो उत्तम, प्रत्यक्ष वापराला नाही.

पुढचा मोठा प्रश्न 'एक केस' म्हणजे काय हा. एका ऑर्डरमध्ये तीन वस्तू आणि दोन पार्सलं असतील, तर प्रवास कुणाचा मोजायचा? म्हणून आता एका नोंदीला अनेक वस्तू जोडणारे लॉग वापरतात. त्यासाठीचा ओसीईएल फॉरमॅट २०२० मध्ये आला.

आणि हो, लॉगमध्ये बहुतेक वेळा कर्मचाऱ्याचं नावही असतं. फोनवर ग्राहकाला समजावण्यात गेलेला अर्धा तास मात्र त्यात नसतो. नकाशात तो नुसता 'उशीर' म्हणून दिसतो.