तज्ज्ञ आणि त्याचे शेत

'तज्ज्ञ' हा शब्द संस्कृतने आपल्याला फार मोघम करून दिला आहे. तत् म्हणजे ते, आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. पण 'ते' म्हणजे नेमके काय, हे शब्द सांगत नाही. शासकीय सेवेत असताना त्याचा हिंदी भाऊबंद 'विशेषज्ञ' आम्ही नस्त्यांवर असंख्य वेळा वाचला. विशेषज्ञांचे मत जोडले आहे, एवढी टीप दिसली की पुढचा अधिकारी निर्धास्तपणे सही करतो. आम्हीही करीत होतो. माळव्यातल्या एका गावी तलावाची जागा ठरवताना एक म्हातारा शेतकरी आम्हाला म्हणाला होता की, साहेब, इथे वरची काळी माती हातभरच आहे, खाली मुरूम आहे, पाणी ठरणार नाही. नकाशा, मोजमापे आणि विशेषज्ञांचे मत आमच्या हाती होते. म्हाताऱ्याच्या हाती काहीच नव्हते. तलाव झाला, पाणी ठरले नाही.

निवृत्तीनंतर जुनी पुस्तके चाळताना इंदुरातल्याच एका प्रकरणाशी आम्ही येऊन थांबलो आणि तो म्हातारा पुन्हा आठवला. ते प्रकरण म्हणजे आपल्या शहरात १९२४ साली स्थापन झालेली 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' आणि तिचे पहिले संचालक अल्बर्ट हॉवर्ड. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे, तीच ती जागा. 'इंदूर पद्धत' हे नाव इंग्लंड-अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांतून आजही भेटते. होळकरशाहीच्या आठवणी निघाल्या की आपण मंडळी राजवाडा, लालबाग, कर्नल सी. के. नायडूंचा संघ, अमीर खाँसाहेबांचे गाणे यांबद्दल तासन् तास बोलतो. या खताच्या खड्ड्यांबद्दल मात्र आमच्या पिढीत क्वचितच कुणी बोलले असेल.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ सालचा, इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला. केंब्रिजची पदवी घेऊन १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजला गेले आणि बार्बाडोस बेटावर उसाच्या बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करू लागले. त्या काळाबद्दल त्यांनी पुढे स्वतःच कठोरपणे लिहिले आहे. आपण प्रयोगशाळेत कोंडून घेतलेले बैरागी होतो, उसाच्या रोगांवर सल्ला देत होतो. पण तो सल्ला आधी स्वतःच्या उसावर करून पाहावा तर आपल्याजवळ जमीनच नव्हती, अशी त्यांची कबुली आहे. हा मुद्दा वाचून आम्ही पुस्तक काही वेळ मिटून ठेवले. तीस वर्षे नस्त्या हाताळलेल्या माणसाला त्यातली खोच वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

१९०५ साली ते बिहारातल्या पूसा येथे इम्पीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट या भारदस्त पदावर आले. पत्नी गॅब्रिएल स्वतः केंब्रिजच्या, वनस्पतींच्या शरीरक्रियेच्या अभ्यासक. तिथल्या कामात आणि पुढे इंदुरातही त्यांचा वाटा बरोबरीचा होता. पूसाला हॉवर्ड यांनी शेतजमीन मागून घेतली, आणि एक चमत्कारिक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. भोवतालच्या शेतकऱ्यांची पिके औषधाचा थेंब न वापरताही बऱ्यापैकी निरोगी होती. तेव्हा शिकवायला आलेल्या या माणसाने शिकायचे ठरवले. शेतकरी आणि पिकावरची कीड हे आपले दोन प्राध्यापक, असे ते म्हणत. शेतकऱ्याकडून रीत शिकायची. आणि कीड पडली तर ती मारण्याआधी आपले मशागतीत काय चुकले ते तिला विचारायचे.

इंदूरची संस्था इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी आणि मध्य भारतातली संस्थाने यांच्या पैशांवर उभी राहिली. जमीन होळकर दरबारने दिली, सुमारे तीनशे एकर. मुख्य विषय कापूस. पण कापूस सुधारायचा तर जमीन सुधारली पाहिजे, आणि इथे शेतकरी हा प्राध्यापकही अडला होता. माळव्यातले शेण निम्मेअधिक गोवऱ्या होऊन चुलीत जाई. पऱ्हाट्याही जळणातच जात. जमिनीला परत काय जाणार? तेव्हा थोड्या शेणात पुष्कळ खत कसे करावे, हा खरा प्रश्न होता. चीनमधले शेतकरी शतकानुशतके काडीकचऱ्याचे खत करीत आले आहेत, हे अमेरिकन प्राध्यापक एफ. एच. किंग यांच्या १९११ सालच्या पुस्तकातून हॉवर्ड यांनी वाचले होते. त्याला माळव्याचे रूप द्यायचे होते.

ती रीत थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातच सारे आहे. पऱ्हाट्या टणक, त्या कुजत नाहीत. म्हणून त्या शेतावरच्या गाडीवाटेवर पसरायच्या; येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांची चाके त्यांचा चुरा करतात, वेगळे यंत्र नको. तो चुरा, तण, पाने गोठ्यात बैलांखाली अंथरायची. गोठ्यातली मुतारलेली माती, थोडे शेण आणि चुलीतली राख घ्यायची. सुमारे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद अशा उथळ खड्ड्यात सगळ्याचे पातळ थर द्यायचे, पाणी शिंपडायचे, आणि आधीच्या खड्ड्यातले थोडे कुजते खत विरजणासारखे लावायचे. तीन वेळा खालीवर करायचे. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग. नव्वद दिवसांत काळे, भुसभुशीत खत. वास आला किंवा माशा घोंघावल्या तर समजावे की आत हवा खेळत नाही आणि कुठेतरी चुकले.

यातले एकेक अंग पाहिले तर कोणत्याही जुन्या पाटलाला ठाऊक होते. मग नवे काय? नवे होते ते प्रमाण आणि त्याचे कारण. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण आरंभी सुमारे ३३ ला १ असावे. खत पिकत जाते तसे ते १० ला १ च्या जवळ येते. आरंभीचे गणित बिघडले तर नत्र हवेत तरी जाते किंवा कुजण्याची क्रियाच रेंगाळते. हे प्रयोगशाळेशिवाय कळणारे नव्हते. संस्थेच्या रसायन विभागाचे प्रमुख साहाय्यक होते यशवंत डी. वाड. आडनाव आपल्याला परके नाही. १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' हे पुस्तक काढले, त्यावर लेखक म्हणून दोन नावे आहेत: हॉवर्ड आणि वाड. गोऱ्या संचालकाने हाताखालच्या हिंदी साहाय्यकाचे नाव आपल्या नावाबरोबर छापावे, ही त्या काळातली लहान गोष्ट नव्हे. तरी जगाने 'हॉवर्डची पद्धत' म्हटले.

त्याच वर्षी हॉवर्ड इंग्लंडला परतले. आदल्या वर्षी गॅब्रिएल यांचे निधन झाले होते. वाड इथेच राहिले. १९३४ च्या फेब्रुवारीत 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये जॅक्सन आणि वाड यांचा एक निबंध आला. वस्तीतला केरकचरा आणि मैला इंदूर पद्धतीने निर्धोक खतात कसा बदलावा, हा त्याचा विषय. एका रसायनज्ञाने, बहुधा आपल्याच समाजातल्या, मैला हा विषय हाती घ्यावा, तोही त्या काळात! पुढच्या वर्षी, १९३५ मध्ये, हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्माजी इंदुरात आले, तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली आणि 'हरिजन'मधून या खताचा पुरस्कार केला.

मजुरांची गोष्ट आम्ही मुद्दाम वेगळी ठेवली. हॉवर्ड यांनी संस्थेत कामाचा दिवस सहा तासांचा ठेवला होता, आणि मजुरी ठरल्या दिवशी थेट हातात पडे. १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या नियतकालिकात त्यांनी यावर लेखही लिहिला. खड्ड्यातले खत कधी खालीवर करायचे हे पुस्तकात लिहिलेले असते, पण ढिगात हात घालून ऊब पाहणारा माणूस टिकला तरच ते साधते. दर महिन्याला नवा मजूर आला तर पुस्तक निरुपयोगी. आपल्या भाषेत लोणचे मुरते आणि माणूसही मुरतो. मुरायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणीतरी द्यावा लागतो.

याआधी इंदुराला आणखी एक तज्ज्ञ भेटून गेले होते, पॅट्रिक गेडेस. नगररचनेवरचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ सालचा. मूळचे जीवशास्त्रज्ञ, पदवी मात्र त्यांनी कधी घेतलीच नाही. (आमच्यासारख्या पदवीधराने हे वाक्य लिहिताना किंचित अडखळावे, हे ओघानेच आले.) प्लेगाने गांजलेल्या शहरात त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढवली, आणि जे रस्ते लोकांनी उत्तम झाडले असतील त्यांवरूनच ती जाईल असे जाहीर केले. सफाई कामगार नव्या स्वच्छ कपड्यांत मिरवणुकीत सन्मानाने चालले. १९१७ साली!

आता हॉवर्ड यांची दुसरी बाजू. इंग्लंडला गेल्यावर, विशेषतः १९४० च्या 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट'पासून, त्यांचा सूर प्रवचनकाराचा होत गेला. आपल्या शेतावरचे सकस चाऱ्यावर वाढलेले बैल शेजारच्या लाळ-खुरकताच्या जनावरांशी नाक घासूनही आजारी पडले नाहीत, या निरीक्षणावरून त्यांनी जमिनीचे आरोग्य आणि साऱ्या प्राणिमात्राचे आरोग्य यांची मोठी इमारत रचली. लाळ-खुरकत विषाणूचा आहे. केवळ खताने तो थोपवता येईल, असे आजचा कोणताही पशुवैद्य म्हणणार नाही. बार्बाडोसला ज्यांना जमिनीवाचून सल्ला देण्याची लाज वाटली, तेच म्हातारपणी स्वतःच्या शेताबाहेर बरेच बोलले. इंदुरातले हॉवर्ड आम्हाला अधिक विश्वासाचे वाटतात, कारण तिथे रोज खड्ड्याचा वास येत होता आणि शेजारी वाड मोजमाप घेऊन उभे होते.

२०१७ पासून आपले शहर सलग अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिले आले. २०२२ मध्ये देवगुराडिया येथे ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा दिवसाला ५५० टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला. त्या निमित्ताने भाषणे पुष्कळ झाली. आम्ही ऐकलेल्या एकाही भाषणात वाडांचे नाव आले नाही. घरोघरच्या गाडीवर ओला-सुका कचरा पाहून 'हे यात नाही, त्यात टाका' असे आमच्याच सुनेला रोज सुनावणारी जी बाई येते, तिचेही नाही.

गेल्या वर्षी काही कामाने त्या तलावाच्या गावावरून गेलो. पाळ अजून आहे, आत बाभळी वाढल्या आहेत आणि गुरे चरतात. म्हातारा केव्हाच गेला. गावात विचारले तेव्हा एका पोराने सांगितले की हा 'साहेबांचा तलाव'. कोणते साहेब, ते त्याला माहीत नव्हते. नस्तीवर तीन सह्या होत्या, शेवटची आमची.